डिकीतलं पाणी

माझ्या वडिलांनी, म्हणजे काशीनाथ फणसे यांनी, आजवर एकही मेकॅनिक टिकू दिलेला नाही. भाईंदर पूर्वेला, आमच्या जेसल पार्कच्या आसपास जितकी म्हणून गॅरेजं आहेत, त्यातल्या बहुतेकांशी त्यांचं भांडण झालंय. एकाने सीटवर तेलकट हात ठेवला, एकाने न विचारता कूलंट बदललं, आणि एकाने तर "अंकल, गाडी अब बेच डालो" असा फुकटचा सल्ला दिला. त्या शेवटच्या माणसाच्या दुकानासमोरून जाताना बाबा अजूनही मान दुसरीकडे वळवतात.

बाबा सरकारी ऑडिट खात्यातून निवृत्त झाले. उभी हयात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली आणि वर त्याचा पगार मिळाला, म्हणजे बघा. दादर सोडून आम्ही इकडे आलो तेव्हापासून सोसायटीचा वॉचमन, लिफ्ट, वरच्या मजल्यावरचा मिक्सर, सगळ्यांवर त्यांचा आवाज चढून झालाय. लोक म्हणतात, "फणसेकाका तापट आहेत हो, पण मनाने चांगले." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. मनाने चांगले असतील, पण ते मन आम्हाला दिसणार कधी? घरातल्यांच्या वाट्याला येतो तो आवाज. तोच आवाज मी घेतलाय असं माझा नवरा म्हणतो. असेल.

गाडी चंदेरी रंगाची, चार दारांची, मागे लांबलचक डिकी असलेली. मी कॉलेजात होते तेव्हा घेतलेली. तिच्या वयाच्या गाड्या आता रस्त्यावर फारशा दिसत नाहीत. माझा भाऊ अभिनव ठाण्याला राहतो, तो तिला सरळ "डबा" म्हणतो. पण ती विकायची भाषा घरात निघत नव्हती, कारण आई.

आईला, गिरिजाला, दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली ती पुरती परत आलीच नाही. काठी आणि एक माणूस असेल तर चार पावलं चालते, बोलते ते थांबत थांबत. रिक्षात तिला चढवता येत नाही. एकदा प्रयत्न केला तेव्हा ती आणि मी दोघी फुटपाथवर बसलो होतो. या गाडीची सीट मात्र तिच्या उंचीला बरोबर येते. म्हणून दर रविवारी संध्याकाळी बाबा तिला खाली आणायचे, पुढच्या सीटवर बसवायचे आणि उत्तनजवळच्या डोंगरी गावाच्या बाजूला समुद्राची हवा खायला न्यायचे. गाडी गेली तर आई चौथ्या मजल्यावरच राहील, खिडकीशी. आम्हा सगळ्यांना हेच वाटत होतं आणि याच भीतीपोटी आम्ही त्या डब्याचे लाड करत होतो.

उन्हाळ्यात गाडीला नवीनच खोड लागली. चालता चालता मरायची. एखादा खड्डा, एखादा स्पीडब्रेकर, की इंजिन गप्प. जरा वेळाने सेल्फ मारला की जणू काही झालंच नाही अशी सुरू. बाबांनी बॅटरी बदलली, प्लग बदलले, पेट्रोलवाल्यावर भेसळीचा आरोप ठेवून तिथे तमाशा केला. जितेंद्र म्हणून एक गॅरेजवाला आहे, बाबांशी भांडण व्हायचं बाकी राहिलेला शेवटचा. त्याने छातीठोकपणे सांगितलं की टाकीतला पंप गेलाय. पंपही नवा बसवला. आठवडाभर गाडी शहाण्यासारखी वागली आणि मग एका रविवारी, आई आत असताना, उत्तनच्या रस्त्यावर भर चढावर बंद पडली. मागे बस, बसच्या मागे टेम्पो, सगळे हॉर्न वाजवतायत, आणि बाबा रस्त्यात उतरून बसच्या ड्रायव्हरची अक्कल काढतायत. आईला शेवटी दोन अनोळखी मुलांनी उचलून सावलीत नेलं.

त्या रात्री अभिनवचा फोन आला. "बाबा, बास. आई गाडीत असताना अजून एकदा बंद पडली तर मी भंगारवाल्याला बोलावणार. दिवाळीपर्यंत बघतो, पुढे नाही."

बाबा त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी मोटार विम्याच्या क्लेमचं काम करते, दोन इमारती सोडून राहते आणि रोज मोडलेल्या गाड्यांचे फोटो बघते. मी गॅरेजला गेले तर जितेंद्रही तापलेलाच.

"ताई, मी काय करू? काका पाच मिनिटं पण गाडी सोडत नाहीत. बोनेट उघडलं की बाजूला उभे. हे कशाला खोलतोस, ते कशाला हलवतोस. पीछे का वायरिंग बघतो म्हटलं तर बोलले, आग पुढे लागली आणि तू मागे बंब नेतोय."

"पण तुझा पंप बदलूनही फरक पडला नाहीच ना?"

"नाही पडला," तो म्हणाला आणि पाना आपटला.

मला एकच गोष्ट खटकत होती. बाबांच्या शेजारी बसून मी बघितलं होतं, गाडी मरायच्या क्षणभर आधी पेट्रोलचा काटा धाडकन शून्यावर यायचा, आणि गाडी सुरू झाली की परत वर. मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "काटा म्हातारा झालाय." मी म्हटलं, काटा आणि इंजिन एकदमच म्हातारे होतात का, तर म्हणाले, "तू फोटो बघून गाड्या दुरुस्त करतेस, मला शिकवू नकोस." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पुढच्या रविवारी सकाळी मी न बोलावता त्यांच्या गाडीत जाऊन बसले.

रविवारची सकाळ म्हणजे मासे. आम्ही कायस्थ, मासे हा आमच्याकडे खाण्याचा नाही, मतांचा विषय आहे, आणि सगळ्यात कडक मतं बाबांची. भाईंदरच्या बाजारातला मासा त्यांना चालत नाही. डोंगरीला शालू म्हणून एक कोळीण आहे, तिच्याकडूनच घ्यायचा. झटक्यानंतर आईच्या तोंडाची चवच गेली आणि ती फक्त मासे असले की चार घास जास्त खाते, त्यामुळे रविवार कधी चुकला नाही.

शालूने टोपलीत पापलेटं लावली, वर बर्फाचा ढीग ओतला.

"साहेब, उन्ह लय हाय, म्हनून बर्फ जास्ती टाकलाय. पन पानी गळंल हां. खाली घमेलं न्हाय का ठेवत?"

"घमेल्यात पाणी साचतं," बाबा खेकसले. "मासा पाण्यात पडला की बेचव होतो, हे तुला मी सांगायचं? पाणी खालून निघून गेलं पाहिजे."

आणि त्यांनी ती भोकांची प्लास्टिकची टोपली उचलून डिकीत ठेवली. खाली वर्तमानपत्राच्या दोन घड्या. आत, पुढे, सीटवर मासा ठेवायचा नाही, कारण गाडीला वास येतो. मी त्या टोपलीकडे बघत राहिले. गाडी घेतल्यापासूनचे सगळे रविवार डोळ्यांसमोर आले.

"बाबा, पाणी खालून निघून जातं ते कुठे जातं?"

"कुठे म्हणजे? जातं."

परतताना मुर्धा गावाच्या अलीकडे एका खड्ड्यात चाक गेलं, काटा पडला, गाडी मेली. बाबा दार आपटून उतरले आणि तो खड्डा, महापालिका आणि जितेंद्रचे सगळे पूर्वज यांच्यावर तोंडाचा पट्टा सुरू केला. मी मागे जाऊन डिकी उघडली. टोपली काढून रस्त्यावर ठेवली, कागदाचा लगदा फेकला आणि गालिचा ओढला. तो सहज उचलला गेला नाही, सोलून काढावा लागला. खालचा वास नाकात गेला तशी मी दोन पावलं मागे सरले. स्टेपनीच्या खळग्यात काळपट पाणी होतं, त्यात खवले तरंगत होते. कोपऱ्यात पत्र्याला बोल्ट मारून एक जाड काळी वायर जोडली होती. जोडली होती म्हणजे एकेकाळी. आता तिथे बुरशीसारखा हिरवट पांढऱ्या गंजाचा गोळा होता. बोटाने जरा हलवलं तर वायर माझ्या हातात आली.

तीच टाकीच्या पंपाची अर्थिंग आणि तीच पेट्रोलच्या काट्याची. खड्ड्यात हिसका बसला की ती सुटायची आणि पंप, काटा दोन्ही एकदम मरायचे. बर्फाचं पाणी, माशाचं पाणी, मीठ, आणि वर्षानुवर्षांचे रविवार.

"हे बघा!" मी ओरडले. "हे बघा तुमचं निघून गेलेलं पाणी!"

"ओरडू नकोस रस्त्यात."

"मी ओरडू नको? बॅटरी फेकलीत, पंप फेकलात, त्या पेट्रोलवाल्याला चोर म्हणालात, अभिनवला नको नको ते बोललात! आणि गाडी तुम्हीच कुजवलीत, पापलेटाच्या चवीपायी!"

"तुझ्या आईसाठी आणतो मी मासे!"

"मग घमेलं ठेवलं असतं तर आईला विष झालं असतं का?"

एक रिक्षावाला थांबून ऐकत होता. बाबांनी त्याला हाकलला, मग मला हाकलायला बघितलं, मग वायर घट्ट पिळून बसवणाऱ्या माझ्या हातांकडे बघत उभे राहिले. गाडी सुरू झाली.

जितेंद्रने पत्रा घासला, नवीन वायर टाकली, बोल्टवर ग्रीस थापलं, खळग्याचं रबरी बूच काढून सगळं पाणी सोडलं. बाबा या वेळी त्याच्या शेजारी उभे राहिले नाहीत, पलीकडे टपरीवर चहा पीत बसले. निघताना जितेंद्र म्हणाला, "काका, मासे घमेल्यात." मला वाटलं, आता हाही मेकॅनिक गेला. पण बाबांनी नुसती मान हलवली. पुढचा पूर्ण आठवडा ते गाडी घेऊन भाईंदरमधले सगळे खड्डे शोधत फिरले आणि मुद्दाम त्यात घातली. काटा जागचा हलला नाही. अभिनवला त्यांनी हे सांगायला फोन केला तेव्हा आवाज असा चढलेला की शेजाऱ्यांना वाटलं, काही वाईट बातमी आहे.

रविवारी संध्याकाळी मीही गेले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईचे केस विंचरून झाले होते, बाबांनी खाली बसून तिच्या पायात पट्ट्याच्या चपलाही चढवल्या होत्या. काठी तिच्या डाव्या हातात दिली आणि म्हणाले, "चला गिरिजाबाई. गाडी ठणठणीत आहे."

आई उठली नाही.

"मी... नाही येत."

"का? दुखतंय काही? अगं, आता बंद नाही पडणार. विचार हिला. हिनेच शोधलं."

"गाडीचं नाही हो." तिने शब्द गोळा केले. आम्ही थांबलो, तिच्याशी बोलताना थांबावंच लागतं. "बंद पडली की तुम्ही दार आपटता. बाहेर जाऊन ओरडता. मी आत असते. काच उघडत नाही. मला... उतरता येत नाही."

बाबांचा चेहरा लाल झाला. मला तो रंग ओळखीचा आहे, त्यानंतर काय येतं तेही. त्यांनी तोंड उघडलं. मी माझं उघडलं, त्यांच्या आधी ओरडायला, आणि आईने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्याने मी तशीच मागे सरले. ती दोघांनाही सारखीच घाबरली होती.

ती नजर बाबांनीही बघितली. मग बाबांनी विचारलं, इतक्या हळू की मी त्यांना तसं बोलताना कधी ऐकलंच नव्हतं, "मग इतके दिवस दर रविवारी येत का होतीस?"

"नाही म्हटलं असतं," आई म्हणाली, "तर ओरडला असतात."

बाबा खाली बसले आणि तिच्या चपलेचा पट्टा सोडू लागले. पट्टा सुटत नव्हता. मी मदतीला पुढे झाले नाही.