ओळंब्यातली बाग

आमचे भावोजी गवंडी. त्यांनी बांधलेली भिंत पडल्याचं कुणी ऐकलेलं नाही, आणि त्यांनी कुणाचं ऐकल्याचंही कुणी ऐकलेलं नाही. मी त्यांची धाकटी मेहुणी, त्यामुळे टोमणे मारायचा हक्क मला ताईच्या लग्नातच मिळाला. तो मी आजवर इमानेइतबारे बजावत आले आहे.

उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांची घरं बांधली. स्वतःचं बांधायची वेळ आली तेव्हा वस्तीबाहेरच्या टेकाडावर जागा घेतली आणि छाती फुगवून सांगितलं, "मोकळी हवा!" हवा मोकळी होती यात शंकाच नाही. इतकी मोकळी, की वर वाळत घातलेली चादर एकदा खालच्या गल्लीत माझ्या शिलाई मशीनपुढे येऊन पडली. एवढी गुणाची जागा इतकी वर्षं कुणी का घेतली नाही, हा प्रश्न भावोजींना पडला नाही. ताईला पडला होता, पण तिला विचारलं कुणी? घर पुरं झाल्यावर तिच्या हातात किल्ली दिली आणि म्हणाले, "बघ." झालं.

जुन्या भाड्याच्या खोलीपुढे ताईच्या पायऱ्या होत्या. फुटक्या बादल्या आणि पत्र्याचे डबे भरून तिने तिथे पुदिना, शेवंती, काय काय लावलं होतं. सायीच्या रंगाचा एक गुलाबही होता. भाजी निवडायला ती त्याच्याशेजारी बसायची आणि त्याच्याशी बोलायचीसुद्धा. नवऱ्यापेक्षा तो बरं ऐकून घ्यायचा. टेकाडावर आल्यावर पहिल्या वर्षी वाऱ्याने सगळं झोडपलं, दुसऱ्या वर्षी परत लावलं तेही झोडपलं. गुलाब गेला तेव्हा ताई दोन घास कमी जेवली, बाकी काही बोलली नाही.

बोलली ती एकदम यंदा, जेवताना.

"माझ्या खिडकीखाली यंदा काही फुललं तर ठीक. नाहीतर मी लेकीकडे जाते. तिच्याकडे खोली रिकामी आहे."

"किती दिवस?" भावोजींनी विचारलं.

"परत यायचं ठरवून नाही जात."

भावोजी हसले. पण घास हातातच राहिला. आमची ताई एक गोष्ट दोनदा सांगत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेचं काम सुरू झालं. 'काम' म्हणते, कारण त्याला बागकाम म्हणायला माझी जीभ धजत नाही. आधी अंगणाच्या दोन टोकांना खिळे ठोकून दोरी ताणली. मग धुम्मस घेऊन जमीन ठोकून ठोकून अशी घट्ट केली, की वर फरशी बसवायचीच काय ती बाकी होती. ताईने जुन्या जागी जाऊन नव्या भाडेकरणीकडून त्याच गुलाबाच्या फांद्या छाटून आणल्या होत्या. भावोजींनी पहारीने भोकं पाडून त्या दोरीवर लावल्या आणि एकेका फांदीला ओळंबा लावून पाहिला. एक जरा तिरकी निघाली, ती उपटून पुन्हा लावली.

"भावोजी," मी म्हणाले, "यांच्यावर स्लॅब कधी टाकताय?"

"तू तुझी बटणं लाव," ते म्हणाले.

आता कुत्र्यांचं सांगायला हवं. दोन आहेत. दोन्ही भावोजींच्या मागे बांधकामावरून आलेली. थोरल्याचं नाव मुकादम, कारण सावलीत पडून दुसऱ्यांचं काम बघण्यात त्याचा जन्म गेला. धाकटी फावडी. ती का फावडी, ते अंगणात पाय ठेवला की कळतं. धुम्मसाने ठोकलेल्या जमिनीपुढे मात्र तिनेही हात टेकले. दोन-चार नखं मारून बघितली आणि भावोजींकडे असं पाहिलं, की मला तिची दया आली. मग तिने मोर्चा फांद्यांकडे वळवला. एक फांदी सकाळी जागेवर नव्हती.

"ही कुत्री! ही कुत्रीच बाग होऊ देत नाहीत!" भावोजी कडाडले. नाचता येईना अंगण वाकडं. इथे तर अंगण त्यांनी स्वतः लेव्हल लावून सरळ केलेलं. फावडीला त्यांनी दिवसभर खांबाला बांधून ठेवलं. तेवढ्यात वाऱ्याने उरलेल्यातल्या निम्म्या फांद्या मोडल्या. वाऱ्याला बांधायला खांब नव्हता.

म्हणून भिंत आली. गवंड्याला कुठलंही दुखणं झालं तरी औषध एकच. आधी कमरेएवढी बांधली. वारा तिच्यावरून आरामात आला. मग डोक्याएवढी केली. भिंत मात्र देखणी, उगीच नाव ठेवणार नाही. सुईला वाव नाही अशी. "वाऱ्याची काय बिशाद आता!" भावोजी म्हणाले. वारा भिंतीशी भांडत बसलाच नाही. तो तिच्यावर चढला आणि अलीकडे नेमका ताईच्या खिडकीखाली दाणकन उतरला. पूर्वी फांद्या एकाच बाजूला झुकायच्या, आता चारी बाजूंना पिळवटू लागल्या. राहिलेल्या पानांचा रंग गेला.

ताई खिडकीतून रोज बघत होती. एक दिवस तिने ती खिडकी लावून घेतली आणि माळ्यावरची बॅग खाली काढली. मला म्हणाली, "हिची चेन अडकते. जरा बघशील?" मी चेन दुरुस्त करून दिली. ताईचं काम, नाही कसं म्हणणार? पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांना सुईचं नेढं काही दिसेना.

भावोजींनी पलंगावर बॅग पाहिली आणि सिमेंट कालवायला घेतलं. भिंत आणखी उंच करायची! कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, ही म्हण ज्याने केली त्याने आमची कुत्री पाहिली नव्हती आणि भावोजीही पाहिले नव्हते. नाहीतर त्याने कुत्र्यांना वगळलं असतं.

उरलेल्या विटा स्वयंपाकघराच्या मागे, घराच्या कोपऱ्यावर रचलेल्या होत्या. सुकायला रचतात तशा, मध्ये फटी ठेवून. भावोजी घमेलं घेऊन तिकडे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी बघायला गेले. विटांच्या आडोशाला मुकादम पसरला होता, त्याच्या पोटाशी फावडी. भावोजी "हट्, हट्" करत होते. कधी नव्हे तो मुकादम उठून उभा राहिला आणि मालकावर गुरगुरला. फावडी बाजूला सरकली, तेव्हा तिने उकरलेली भुसभुशीत माती दिसली. तिच्यात हाड पुरावं तशी खुपसलेली, पार वाकडी, चोरीला गेलेली फांदी होती. तिला तांबूस पालवी फुटली होती आणि शेंड्याला एक कळी होती. वारा फटींतून गाळून येत होता. पानं हलत होती, पण तुटत नव्हती.

मला बोलायला एवढं होतं, की कुठून सुरुवात करावी कळेना. भावोजींचा चेहरा पाहिला आणि काहीच बोलले नाही. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदा झालं.

"उचलून खिडकीखाली लावतो," ते पुटपुटले.

"मरेल," ताई मागून म्हणाली. ती कधी आली कळलं नाही. कळीकडे तिने खूप वेळ पाहिलं. मग म्हणाली, "छान आहे. पण माझी खिडकी पलीकडे आहे." आणि आत बॅग भरायला गेली.

भावोजी तिथेच उकिडवे बसले. समोर स्वयंपाकघराची मागची भिंत होती, अख्खी कोरी. खिडकीने भिंत कमजोर होते, म्हणून तिथे त्यांनी खिडकी ठेवलीच नव्हती. त्यामुळे ताई भरदुपारी दिवा लावून भाजी निवडायची. थोड्या वेळाने ते उठले, घमेल्यातल्या विटा एकेक करून होत्या तशा, फटी ठेवून रचल्या आणि आत गेले. हातात छिन्नी, हातोडा, कानावर पेन्सिल.

"अगं," त्यांनी हाक मारली.

ताई दारात आली. तिच्या हातात घडी घातलेलं लुगडं होतं.

भावोजी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी पेन्सिल टेकवली, खाली घेतली, पुन्हा टेकवली. ओळंबा खिशातच होता, तो त्यांनी काढला नाही.

"कुठे हवी?" त्यांनी विचारलं.

ताईला आधी समजलं नाही. मग समजलं. तिने लुगडं ओट्यावर ठेवलं, पाट ओढला आणि भाजी निवडायला बसते तशी बसली. डोळ्यांसमोर भिंतीवर तळहात टेकवला.

"इथे," ती म्हणाली. "बसल्यावर दिसायला पाहिजे."

भावोजींनी तिच्या हाताभोवती पेन्सिल फिरवली. रेघ चांगलीच वाकडी आली. ती पुसून सरळ करायला ते थांबले नाहीत.