मिंधी जीभ

जपानी तांदळाची दारू, साके, शिरीष कधी गिळायचा नाही. घोट तोंडात घ्यायचा, गाल फुगवून खळखळ घोळवायचा आणि माझ्या आईने दिलेल्या स्टीलच्या वाडग्यात थुंकायचा. बाहेर जग मास्क लावून हिंडत होतं आणि परदेशात, वेरिबीतल्या आमच्या शेअरिंगच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, हा प्रकार. मला शिसारी यायची.

"वाडगं तरी दुसरं घे रे."

"स्टीलला वास लागत नाही. आणि गिळलं ना, की जीभ मिंधी होते."

तो मूळचा ठाण्याचा, इथे जपानी रेस्टॉरंटात कुक. लॉकडाउनमध्ये ते बंद पडलं, तसा तो साकेची चव घेऊन मत सांगणारे व्हिडिओ करू लागला. फक्त स्वस्तातल्या बाटल्या. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझी अकाउंट्सची नोकरी घरून चालू होती आणि प्रत्येक मीटिंगमध्ये मागे ती खळखळ. पण माणूस खरं बोलायचा. एका बाटलीला सरळ "भिजलेलं मांजर" म्हणाला, तेवढ्याच किमतीच्या दुसरीचं तोंडभरून कौतुक केलं. "स्वस्त असणं हा गुन्हा नाही, खोटं असणं आहे," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

मग एका आयातदाराने बाटली पाठवली. लिमिटेड एडिशन, लेबलवर गुलाबी फुलं, किंमत कोणालाही परवडेल अशी. रिव्ह्यू चांगला झाला तर गोदामात काम देतो, असं त्याने फोनवर मोकळेपणाने सांगितलं. शिरीषच्या व्हिसावर सरकारी मदत नव्हती, आणि परत जावं तर विमानं बंद.

कॅमेरा लावण्याआधी त्याने चव घेतली, थुंकला. "ओला पुठ्ठा."

मी वेगळ्या कपातून घेतली. "नासलेली पेज."

"उन्हात पडून राहिलीय कुठेतरी," तो म्हणाला आणि कॅमेरा चालू केला.

या वेळी त्याने घोट घोळवला नाही. गिळला. हसला. "वा. पिकलेल्या नाशपातीचा सुगंध. या किमतीत सोडू नका, फ्रेंड्स."

इतके महिने त्या थुंकण्याची आली नव्हती एवढी किळस मला त्या एका घोटाची आली. कॅमेरा बंद झाल्यावर तसं तोंडावर सांगितलं.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "पण तुझा पगार चालू आहे, ग्रॅज्युएट. थुंकणं तुला परवडतं."

काम मिळालं. गोदामाजवळ खोली घेऊन तो गेला. जाताना वाडगं माझ्यापुढे धरलं. "घे. आता नाही लागणार मला."

त्या व्हिडिओनंतर त्यात एक थेंब पडला नव्हता. तरी मी ते बराच वेळ घासत बसले.