ओढ्यापलीकडची हाळी

आमच्या सोसायटीत सकाळी साडेसहाचा गजर लावावा लागत नाही. सहाव्या मजल्यावरचे गेनबा गॅलरीत येतात, दोन्ही तळवे तोंडाभोवती धरतात आणि "होऽऽ हो" अशी आरोळी ठोकतात की तळमजल्यावर माझ्या कपातला चहा हलतो. हे फक्त थंडीत. दिवाळी झाली, कात्रजच्या डोंगरावरून गार वारं उतरलं, की सुरू; होळीला बंद.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. साठ वर्षं नारायण पेठेत काढून मुलाच्या हट्टापायी इकडे आलेला माणूस. पेठेत शेजारी दुपारी मोठ्याने शिंकला तरी खिडकी आपटून निषेध नोंदवायची आमची रीत. तेव्हा ही आरोळी मी दोन हिवाळे कशी सोसली, याचं माझं मलाच नवल वाटतं. यंदा तिसऱ्या मजल्यावरच्या निशाने लेखी तक्रार दिली. ती रात्रपाळी करून पहाटे झोपते. मग मी माकडटोपी चढवून वर गेलो.

गेनबा कोवळ्या उन्हात गोफण विणत बसले होते. जोंधळ्यावरची पाखरं उडवायला दगड भिरकावतात, ती गोफण. पूर्वी ते अंबाडीच्या वाखाची विणत, आता कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीची. चपलांच्या कपाटाला अशा कितीतरी गोफणी टांगलेल्या होत्या.

"अहो गेनबा, सहाव्या मजल्यावर कुठली पाखरं राखता आपण?" मी विचारलं. "कबुतरांना तर जाळी लावून दिली आहे."

"पाखरांसाठी न्हाई वो सायब," ते म्हणाले. "भीमरावासाठी."

"ह्यांचा दोस्त," त्यांच्या पत्नी वेणूबाई आतून म्हणाल्या. "समोरच्या बिल्डिंगीत ऱ्हातो. चौथ्या मजल्याव."

मग कळलं ते असं. आमची सोसायटी उभी आहे तो गेनबांचा मळा. समोरची उभी आहे ती भीमरावांची जमीन. मधे ओढा होता. तो आता रस्त्याखालून पाइपातून जातो. ज्वारी दाण्यात आली की दोघं पहाट फुटताच आपापल्या माळ्यावर, म्हणजे चार खांबांच्या मचाणावर चढायचे. थंडी अशी की गोफण धरायला बोटं वळायची नाहीत, आणि धुक्यात पलीकडचा माळा दिसायचा नाही. म्हणून एकाने हाळी द्यायची, दुसऱ्याने उलट द्यायची. हाळी आली नाही, तर हातातलं काम टाकून बघायला जायचं, हा नियम. एकदा गेनबा तापाने पडून होते. भीमराव गुडघाभर गार पाण्यातून ओढा ओलांडून आले, शेकोटी पेटवून दिली आणि दिवसभर दोन्ही शेतांत धावून पाखरं हाकली.

"आणि आता?" मी विचारलं.

"दोन वर्सं झाली, अंगावरनं वारं गेलं त्याच्या. वाचा बसली. मी जाऊन बसतो की अधनंमधनं. पर त्यो भिंतीकडं बघत ऱ्हातो, वळखतबी न्हाई." गेनबांनी दोरीला गाठ मारली. "न का वळखंना. येकदा त्याची हाळी कानावर आली म्हंजी बास."

"पण त्यांना बोलताच येत नाही ना?"

"हाळीत काय बोलायचं आसतंय, सायब?"

तरी पदाला जागून मी म्हणालो, "तक्रार लेखी आहे. हाळी द्यायचीच तर साडेआठनंतर द्या."

"साडेआठला कुठली राखण!" गेनबा म्हणाले. मग हातातली गोफण खाली ठेवून, "ऱ्हाऊ द्या. न्हाई देत. शबूद दिला." जिना उतरताना मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

तीन दिवस सकाळ शांत गेली. निशाने 'थँक्यू अंकल' असा मेसेज पाठवला. मी मात्र साडेसहाला आपोआप जागा होऊन छताकडे बघत पडायचो. चौथ्या दिवशी वैतागून बाहेर पडलो. धुकं दाटलं होतं. वर गेनबा शाल गुंडाळून गॅलरीत उभे होते. तोंड मिटलेलं. दिलेला शब्द पाळत होते.

इतक्यात रस्त्यापलीकडून आवाज आला. मला वाटलं, जनावर हंबरलं. जाड, ओढून काढलेला, मधेच तुटलेला. "हो... ओ..." पुन्हा एकदा तसाच. चौथ्या मजल्यावरची खिडकी उघडी होती. तिथून भीमरावांची सून शर्मिला ओरडली, "गेनूतात्या, आवं बरं हाय न्हवं तुमाला? तीन दिस झालं, मामंजी खिडकीकडं बोट करत्यात, जेवंनात का काय!"

हाळी आली नाही, म्हणून भीमराव बघायला निघाले होते. पाय चालत नव्हते, म्हणून आवाज पुढे पाठवला होता.

गेनबांनी आधी खाली माझ्याकडे बघितलं. दिलेल्या शब्दाचं काय, एवढंच विचारत होते. मी नुसता हात हलवला, द्या म्हणून. त्यांनी जी हाळी दिली, तिने निशा गॅलरीत धावत आली. तक्रार मात्र तिने पुन्हा केली नाही.

त्यानंतर रोजची हाळी पुन्हा सुरू झाली, आणि भीमरावांची बंद. शर्मिला सांगते, गेनबांचा आवाज आला की ते निवांत होऊन डोळे मिटतात, पोटभर जेवतात.

एकदा मी गेनबांना सुचवलं, "दोन दिवस गप्प राहून बघा. ते परत हाळी देतील."

गेनबांनी मला वेड्यात काढलं. "त्याच्या जिवाला घोर लावून ऐकायची व्हय? न्हाई, सायब."

आज सकाळीही त्यांनी हाळी दिली आणि कानामागे हात धरून बराच वेळ थांबले. खाली चहा पुढ्यात घेऊन मीही थांबलो होतो.