हलकी लेन्स

थोरला साडू गेल्यावर भेटायला आलेल्या कुणीतरी धाकट्याला विचारलं, "स्वभावाने कसे होते हो?" धाकटा गोंधळला. इतकी वर्षं मागे मागे चालून आपण त्याची पाठच काय ती पाहिली, असं त्याला वाटलं.

थोरला सलूनवाला. गिऱ्हाईक नसलं तरी बोटं हवेत कात्री चालवायची. घडीभर एका जागी बसेल तर शपथ. दर रविवारी तो नदीकाठी पाणमांजरांचे फोटो काढायला जाई आणि जड लेन्सची पिशवी धाकट्याच्या खांद्यावर असे. "जनावरांची हजामत राहिलीय वाटतं," असं म्हणून दोघांच्या बायका, दोघी बहिणी, हसायच्या.

मग थोरल्याचा खांदा धरला. जड लेन्स पेलवेना, म्हणून दोघं दुकानात गेले. दुकानदाराने हलकी झूम लेन्स पुढे केली. थोरल्याने ती कॅमेऱ्याला लावून डोळ्याशी धरली, खाली घेतली, दारापर्यंत जाऊन रस्त्यावरच्या कुत्र्यावर रोखली, परत आला.

"काका, फिरायला हीच बरी," दुकानदार म्हणाला. " जनावर लांब असो की जवळ, लेन्स बदलायला नको. पण उजेड उतरला की हिचं काम नाही."

"आणि पाणमांजर नेमकं तेव्हाच निघतं. त्याला कोण सांगणार, जरा लवकर ये म्हणून?" थोरला धाकट्याकडे वळला. "तू काय मूग गिळून उभा आहेस? बोल की."

ट्रायपॉडवर लावून जडच वापरा, दोन्ही मी उचलतो, हे धाकट्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. हलकी घेतली तर रविवारी आपल्याला कोण बोलावणार? पण ही लेन्स धरताना थोरल्याचा चेहरा वेडावाकडा झाला नव्हता.

"हलकीच घ्या," तो म्हणाला. "दुपारीच जाऊन बसत जा."

रविवारी जेवणानंतर धाकट्याला घरात चैन पडेना. चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या आणि शेवटी तो थोरल्याच्या दारात जाऊन उभा राहिला. तिथलं बोलणं शेवटचंच ठरलं. जाताना बसमध्ये जागा दोन टोकांना मिळाली, पाण्याकाठी तोंड उघडायचं नसतं, परतताना बसमध्ये थोरल्याला झोप लागली, आणि पुढचा रविवार त्याने पाहिलाच नाही.

"आज कशाला आलास?" थोरल्याने दारातच विचारलं होतं. "उचलायला काही नाही."

"असंच."

"मग पाण्याची बाटली घे. आणि मागे धापा टाकू नकोस, जनावर पळतं."

"नाही टाकत."