एका मेंढीची कातरणी

सगळा कळप विकल्यावरही पुरता मेंढपाळ राहिलेला माणूस मी एकच पाहिला: माझ्या मित्राचे सासरे. घर जुन्नर तालुक्यात, आणे गावाच्या पठारावर. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुलांनी मेंढरं विकून विहीर खोल केली, कांदा लावला. सासऱ्यांनी त्या कांद्याकडे कधी धड पाहिलं नाही. एसटीत ते सगळ्यांच्या मागून चढत आणि दारात अडलेल्यांना पाठीवर थापा मारून आत सरकवत. लग्नात रेंगाळणाऱ्या वऱ्हाडाला "हुर्र, हुर्र" करत मांडवात घालत. एकदा खुद्द नवऱ्यामुलाचा बाप असा हाकला गेला. जुन्नरच्या बाजारात कापडवाल्या शेठजींच्या दुकानातला स्वेटर नाकाला लावून ते विचारत, "शेठ, ह्यात मेंढरू कुठं हाय?"

"मामा, हा लुधियानाचा हाय."

"मंग तिकडंच इका."

कळप विकताना त्यांनी एक मेंढी मात्र हट्टाने मागे ठेवली. त्यांच्यात लोकर कातरायला मजूर लावत नाहीत. ज्याची कातरणी असेल त्याच्याकडे आसपासच्या वाड्यांवरचे मेंढपाळ आपापली कातर घेऊन जातात, काम करतात, जेवतात आणि आपल्या कातरणीला त्याला बोलावतात. सासऱ्यांनी जन्मात कुणाची कातरणी चुकवली नव्हती. पण ज्याच्याकडे मेंढरूच नाही त्याला आवतण देता येत नाही, आणि मग त्यालाही कुणी देत नाही. म्हणून ही मेंढी. दिवाळी झाल्यावर त्यांनी सगळ्या वाड्यांवर निरोप धाडले. शेठजींनाही.

थोरला मुलगा वैतागला. "आबा, एका मेंढीला कोन येतंय? लोकं हसत्याल."

सासूबाईंनी मोठ्या कढईत आमटी चढवली. सासरे नवा पटका बांधून अंगणात बसले. ऊन वर आलं तरी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. "कुनी नाय आलं," ते हळूच म्हणाले, "तर समजायचं, आमी मेंढरातनं उठलो."

तेवढ्यात चढावर मोटारसायकल घरघरली. तिच्यावर तिघे, हातात कातरी. मागून टेम्पो. मग पायी येणाऱ्यांची रांगच लागली. बघता बघता अंगण भरलं.

"मामा, कळप कुठं हाय?"

"ही काय, हुबी!"

"आरं राव, येक येक केस वाटून घ्या आता!"

शेठजी कापडाची कात्री घेऊन आले. "जेवायला आलोय, पन रिकाम्या हातानं कसं यायचं?"

"शेठ, मीटरनं कापू नगा!"

मेंढी हळदीला बसलेल्या नवरीसारखी शांत होती. प्रत्येकाला तिच्यावर कातर चालवायचीच होती. "हळू कातर की, मागल्यांना ठिव!" असा ओरडा चालला होता. कुणी मानेचा हक्क सांगितला, कुणी शेपटीवर समाधान मानलं. सासरे टाचा उंचावून सगळ्यांवर हुकूम सोडत होते. त्यांचा आवाज खालच्या वाडीपर्यंत पोचला असावा. आमटी संपली, भाकऱ्या पुन्हा थापाव्या लागल्या. निघताना जो तो आपल्या कातरणीचा दिवस सांगून गेला आणि सासरे प्रत्येकाला, "यतो की!" म्हणाले.

संध्याकाळी पठारावर वारा सुटला. उघडी पडलेली मेंढी थरथरू लागली. सासऱ्यांनी खांद्यावरची घोंगडी काढून तिच्या पाठीवर घातली.

"आबा, तुमाला गारवा लागंल," मुलगा म्हणाला.

"तिच्या आज्जीच्या लोकरीची हाय. तिला नको व्हय द्यायला?"

आणि नुसत्या सदऱ्यावर ते तिच्याजवळ बसून राहिले.