आधी चहा, मग गाडी

शिरूरच्या त्या मेकॅनिकला मी आजही माफ केलेलं नाही. रांजणगावला कंपन्या आल्या, शिफ्टवाल्यांच्या गाड्यांची त्याच्या दारात रांग लागली आणि हा माणूस स्वतःला मोठा डॉक्टर समजायला लागला. मी सरकारी दवाखान्यातली नर्स. स्वतःला मोठं समजणारे डॉक्टर मी रोजच बघत होते, त्यामुळे हा प्रकार मला नवा नव्हता.

माझी स्कूटर जुनी. दौंडच्या रेल्वेतल्या एका गृहस्थाकडून नवऱ्यानं हौसेनं आणलेली. "अशी गाडी शोधून मिळायची नाही," म्हणाला होता. खरंच मिळाली नसती. सकाळी एका किकला सुरू व्हायची. पण वीस-पंचवीस किलोमीटर पळवून बंद केली, की मेलीचं तोंड मिटायचं ते पाऊण तास. गार झाली की पुन्हा शहाण्यासारखी सुरू. रस्त्यात अडले की कुणीतरी बाप्या यायचाच. "सरका ताई, बाईमाणसाची किक ती," असं म्हणून दहा-वीस किका मारायचा, घामाघूम व्हायचा आणि पेट्रोलात रॉकेल हाय म्हणून विडी पेटवायचा. 'मला कळत नाही' हे तीन शब्द त्यातल्या एकालाही येत नव्हते.

एरवी मी निभावून नेलं असतं. पण कवठे येमाईच्या पुढं एका वस्तीवर मजुरी करणारी एक बाई होती. तिचं दोन वर्षांचं पोरगं वाळत चाललं होतं. "रोज दिस कलला की ताप येतोय ओ बाई," ती सांगायची. मी जायची सकाळी, लसीकरणाला. तेव्हा पोरगं कोंबडीमागं धावत असायचं. अंगाला हात लावावा, तर गार. "काही झालं नाही गं त्याला, नीट खाऊ घाल," असं मी तीनदा सांगून आले. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मंग एकदा सांजच्याला या की."

कशी जाणार? सकाळी तिथं दोन-तीन तास बसावं लागायचं, तेवढ्यात स्कूटर गार व्हायची. सांजच्याला जायचं म्हणजे दहा मिनिटं थांबून उजेडात परत फिरायचं, आणि दहा मिनिटं थांबलं की ही बया जागची हलणार नाही.

म्हणून मेकॅनिककडं गेले. त्याचा नियम एकच: आधी चहा, मग गाडी. सिस्टर आल्या म्हणून खुर्ची पुसायची, स्कूटर लिंबाच्या सावलीत लावायची, चहा सांगायचा. चहा यायला वीस मिनिटं, प्यायला दहा, वर रांजणगावच्या गप्पा. मग ऐटीत उठून एक किक. स्कूटर सुरू! "कुठं काय झालंय सिस्टर? हाय की चालू!" शेजारचे रिकामटेकडे दात काढायचे. असं चारदा झालं. त्यानं प्लग बदलला, कार्ब्युरेटर धुतला आणि शेवटी मला गाडी कशी चालवायची ते शिकवायला लागला. अशी तिडीक गेली डोक्यात!

पण चौथ्या चहाला माझी ट्यूब पेटली. हा बाबा ताप उतरल्यावर रोगी तपासत होता, आणि ताप उतरवत होता त्याचाच चहा.

पाचव्या खेपेला मी दुसऱ्याच एका गावचं लसीकरण उरकून निघाले ती मध्ये कुठंही न थांबता त्याच्या दारात आले आणि भर उन्हात स्कूटर बंद केली. तो खुर्ची पुसायला लागला.

"चहा नको. आत्ता किक मारा."

"असं कसं सिस्टर, बसा तरी..."

"मारा म्हणते ना!"

मारल्या. वीसेक तरी मारल्या. दात काढणारे आता किका मोजायला लागले. प्लग काढून बघायला लावला, ठिणगी नाही. "ठिणगी कुठनं येते?" मी विचारलं. "कॉइलमधनं," तो पुटपुटला. मी लसीचा डबा उघडला. लस संपली होती, पण बर्फाच्या पिशव्या अजून गार होत्या. एक फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिली आणि कॉइलवर धरायला लावली, तापल्या कपाळावर पट्टी ठेवतात तशी. थोड्या वेळानं ठिणगी आली, चांगली निळी. स्कूटर सुरू झाली.

"मला वाटलंच हुतं, कॉइल गेलीय," तो म्हणाला. निर्लज्जपणाला काही हद्द!

नवी कॉइल बसली आणि दुसऱ्याच दिवशी साडेपाचला मी वस्तीवर पोचले. पोरगं दारात गोधडीवर पडलेलं होतं. समोरून कोंबडी गेली, तरी त्यानं मान उचलली नाही. ती बाई लगबगीनं चुलीकडं वळली. "बसा बाई, चहा ठेवते."

"चहा नको. आधी पोरगं."

कपाळाला हात लावला आणि चटका बसला. थर्मामीटर बघायचीही गरज नव्हती, तरी बघितला. पोरगं पुढं कितीतरी महिने औषध खाऊन बरं झालं, तेवढं माझं नशीब. पण त्या संध्याकाळी मी त्याचं अंग चाचपत बसले होते, तेव्हा ती चुलीपाशी पातेलं हातात घेऊन तशीच उभी होती.

"मागल्या तीन बारीला," ती म्हणाली, "पयला चहाच घेतला व्हता तुमी."