आग्नेयेची बॅटरी

वाळूजच्या रस्त्यावर हल्ली रोज सकाळी माझी गाडी एका कारखान्याच्या फाटकापाशी अडकते. फाटक चांगलं होतं. रुंद, रस्त्याला सरळ, भला मोठा कंटेनर एका दमात आत जायचा. मागच्या महिन्यात ते विटांनी बुजवलं आणि भिंतीच्या पार कोपऱ्यात नवं पाडलं. कारण विचारायची गरज नाही. आमच्या शहरात चांगलं फाटक बुजवायला एकच कारण असतं, वास्तू. आता प्रत्येक ट्रक तिथं मागं-पुढं होत घामाघूम होतो आणि मागची रांग हॉर्न वाजवत राहते. आज फाटकापाशी कुणीतरी जुन्या वायरींचा गुंडाळा जाळत होतं. जळकं प्लास्टिक, खाली तापलेलं तांबं. जिभेवर चव सोडणारा वास. काच वर करेपर्यंत तो आत शिरला होता, आणि मी समुद्रापासून इतक्या दूर, धुळीच्या रस्त्यात बसल्या बसल्या कोकणच्या पाण्यावर जाऊन पोचलो.

माझ्या पहिल्या नोकरीतल्या मालकांनी शिडाची बोट घेतली होती. मराठवाड्यातल्या माणसाला समुद्राची ओढ वाटावी यात मला गैर काही दिसत नाही. ज्यांनी जन्मभर टँकरची वाट पाहिली त्यांना एवढं पाणी एका जागी पाहून भुरळ पडणारच. पण मालकांना समुद्र नको होता, समुद्रावर उभे राहिलेले आपण हवे होते. कुठंतरी आठ-पंधरा दिवसांचं शिक्षण घेऊन ते स्वतःला कप्तान म्हणवून घेऊ लागले. रत्नागिरीजवळच्या एका खाडीतून निघून किनाऱ्याकिनाऱ्यानं गोव्याला जायचं ठरलं. बरोबर मालकीणबाई, बोट हाकायला भाड्यानं घेतलेला एक तांडेल, आणि मी. मला घेतलं ते डिझेल इंजिन कळतं म्हणून. जाताना मालक म्हणाले होते, परत आलो की प्रॉडक्शन मॅनेजरची खुर्ची तुझी. माझे वडील गवंड्याच्या हाताखाली राबले. पाचोडच्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि ही गोष्ट कुणी न विचारताही मी सांगतो. त्या खुर्चीची बातमी आईनं गल्लीत सांगूनही टाकली होती.

खाडीवर पोचलो तेव्हा बोट अजून काठावर, लाकडी टेकूंवर उभी होती, तोंड पूर्वेला. मी इंजिन पाहायला मागच्या बाजूला वाकलो तर शेजारी बॅटरीच नव्हती. मालकांचे वास्तूवाले गुरुजी आठवड्यापूर्वी येऊन गेले होते. त्यांनी हातात होकायंत्र धरून बोटीला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि निर्णय दिला: अग्नी आग्नेयेला हवा, पाणी ईशान्येला, मालकांचा बिछाना नैऋत्येला. मग बॅटरी इंजिनापासून उचलून पार बोटीच्या नाकाशी, पुढच्या टोकाला उजवीकडं नेली, पाण्याची टाकी नाकाशी डावीकडं. मधलं अंतर भरून काढायला बोटीच्या तळातून लांबलचक केबल ओढली, आणि ती पुरली नाही म्हणून मधे जोड दिला. त्या जोडावर काळी टेप गुंडाळली होती. जिथं चार बादल्या खारं पाणी कायम डुचमळत असतं, त्या जागी.

मी मालकांना विचारलं, "साहेब, बोट वळली की आग्नेय कुठं जाते?"

ते दयाळूपणे हसले. "अरे यार, इंजिनिअर झालास तरी तू तसाच. प्रस्थानाच्या वेळची दिशा धरतात. जन्मवेळ धरतात तशी."

आमच्या आजोबांनी घरातले सगळे देव टोपलीत घालून गोदावरीत सोडले. त्यानंतर आमच्या भिंतीवर एकाच माणसाचा फोटो लागला, कोट घातलेला, हातात पुस्तक असलेला. अशा घरात वाढलेल्या माणसाला त्या काळ्या टेपेकडं बघून काय वाटलं असेल ते सांगायला नको. खाडीच्या तोंडातून बाहेर पडून बोट दक्षिणेला वळली तेव्हा मी एकट्यानंच मनातल्या मनात हसून घेतलं. पाणी जाऊन आग्नेयेत बसलं होतं, आग नैऋत्येत, आणि मालकांचा बिछाना वायव्येला, वाऱ्यावर. गुरुजी तेव्हा सिडकोत आपल्या घरी, न हलणाऱ्या खुर्चीत बसले असतील.

किनारा सुंदर होता, हे नाकारणं खोटेपणा होईल. सकाळी जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्याला ओल्या मातीचा, चुलींच्या धुराचा, वाळत्या मासळीचा वास यायचा. दुपारी वारा फिरून मागून यायचा आणि शीड पोटभर जेवलेल्या माणसासारखं टम्म होऊन बसायचं. माडांच्या मागं डोंगर निळसर होत जायचे. आमच्याकडचे उघडेबोडके डोंगर मला तेव्हा आठवायचे आणि त्यांच्याबद्दल उगीच माया दाटून यायची. पण हे पाहायला उसंत कुणाला होती? नाकाशी बॅटरी आणि टाकी यांचं ओझं, त्यामुळं बोट प्रत्येक लाटेत मान खाली घालायची आणि आत पाणी यायचं. ते उपसायचा पंप पहिल्याच दिवशी बसला. दुसऱ्या दिवशी संडासाचा पंप. मग शिडाची शिवण उसवली, सुकाणूची दोरी ढिली पडली. मी सकाळी पाना हातात घ्यायचो तो दिवेलागणीला ठेवायचो. मालक प्रत्येक बिघाडापाशी उभे राहून फोटो काढून घेत. तांडेलाला विचारलं तर तो म्हणायचा, माझं काम शिडाचं; आणि शीड फाटलं तेव्हा म्हणाला, शिवायचं काम माझं नाय. हातभार लावला तो फक्त मालकीणबाईंनी. त्या कन्नड तालुक्यातल्या शेतकरी घरातल्या. शिवण त्यांनीच घातली, गोणपाटाला घालतात तशी, दणकट.

मालवणच्या अलीकडं एका खडकाळ टोकाजवळ एका सकाळी वारा पडला. पडला म्हणजे अगदी मेला. शीड लोंबकळत राहिलं आणि लाटांची उचल बोटीला हळूहळू खडकांकडं ढकलू लागली. नांगर टाकला तर तो खडकाळ तळावर घसरत होता. मालकांनी इंजिनाची किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. मी तळाची फळी उचलली आणि हाच वास आला, जळक्या वायरीचा. जोड हिरवा पडून आतून जळाला होता. उपाय एकच होता: बॅटरी उचलून मागं, इंजिनाशी आणायची आणि आखूड केबलनं जोडायची.

मालकांनी खिशातून फोन काढला. मला वाटलं, मदत मागताहेत. त्यांनी गुरुजींना लावला. बॅटरी हलवली तर चालेल का, हे विचारायला. खडकांवर फुटणाऱ्या पाण्याचा आवाज एव्हाना बोलण्यावर चढायला लागला होता. फोन ठेवून ते म्हणाले, "अर्धा तास थांबायला सांगितलंय. राहुकाळ चालू आहे."

"अर्ध्या तासात आपण त्या खडकावर असू, साहेब."

"मी सांगतोय ना, हात लावायचा नाही. खुर्चीवर बसायचंय ना तुला?"

मी नाकाकडं निघालो. बॅटरी एकट्यानं उचलणारी नव्हती, हे तिथं पोचल्यावर कळलं. तांडेल आकाशाकडं बघत होता. तेवढ्यात मागून मालकीणबाई आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "भाऊ, एक कान मी धरते. चला." मालक त्यांच्या नावानं ओरडले. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. आम्ही दोघं ती बॅटरी हेलकावे खात, गुडघे फोडून घेत मागं घेऊन आलो. मी तारा आवळल्या. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. खडक इतके जवळ होते की त्यांच्यावर चिकटलेली कालवं दिसत होती. राहुकाळ भरात होता.

परत आल्यावर कंपनीचं स्नेहसंमेलन झालं. मालकांनी माईक घेतला आणि समुद्र, वादळ (वारा पडला होता, हे मी पुन्हा सांगतो), गुरुजींचा फोन, सगळं रंगवलं. राहुकाळ सरला आणि त्याच क्षणी इंजिन सुरू झालं, म्हणाले. गुरुजी पहिल्या रांगेत शाल पांघरून बसले होते. मग मालकांनी माझ्याकडं हात केला. "हा होता सोबत. आपला नवा प्रॉडक्शन मॅनेजर. विचारा याला. सांग रे."

फक्त "हो" म्हणायचं होतं. आई मागच्या रांगेत होती, नव्या लुगड्यात.

मी म्हणालो, "इंजिन राहुकाळातच लागलं, साहेब. बॅटरी मागं आणली म्हणून लागलं. गुरुजींनी पुढं नेली म्हणून बंद पडलं होतं."

मालक हसले, म्हणाले, आमच्या इंजिनिअरला समुद्र लागला तो अजून उतरला नाही, आणि लोक सुटकेनं हसले. दोनशे शिकलेली माणसं. त्यांतल्या निम्म्यांच्या भिंतींवर पदव्या टांगलेल्या असतील. त्या हसण्याला मी आजवर माफ केलेलं नाही. खुर्ची दुसऱ्याला गेली, आणि पुढं मीही गेलो. त्या रात्री रिक्षात मी आईला ती सकाळ सांगितली, फक्त बाईंचं नाव न घेता; आईनं एवढंच विचारलं, "ती बाई कोण, तुझ्याबरोबर बॅटरी उचलणारी?"

त्या बाई मला जेवणानंतर, हात धुवायच्या नळापाशी भेटल्या होत्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, मला नाय जमलं बोलायला."

"खडकापाशी जमलं होतं की, वहिनी."

"ते सोपं होतं," त्या म्हणाल्या, आणि पदराला हात पुसत आत गेल्या.

वय वाढलं की माणूस क्षमाशील होतो, असं जाणती माणसं सांगतात. मला अजून तशी घाई झालेली नाही. मालकांचा, गुरुजींचा, त्या हसणाऱ्या सभेचा तिटकारा मी नीट जपून ठेवलाय; त्याला गंज चढलेला नाही. पण त्या बाईंचं ते एक वाक्य मात्र त्यात कुठंच बसत नाही. बुडण्याच्या भीतीपेक्षा भरल्या मांडवात नवऱ्याला खोटं पाडण्याची भीती मोठी असते, हे मला पदवीनं शिकवलं नव्हतं. मी एकटा माणूस होतो, मला गमवायला खुर्चीच तेवढी होती. मालकांच्या कहाणीत आता वादळ आणखी वाढलं असेल. ती खरी सकाळ मात्र कुठल्याच भाषणात नाही. ती जपलीय आम्ही दोघांनीच, आणि भरल्या सभेत आमच्यातलं कुणीही ती पुन्हा बोलून दाखवणार नाही.